धुवायला टाकलेलं हसू

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो, रोलवर चालणारा. मला पडदा नाही, चार्जर नाही, आणि काढलेला फोटो लगेच दाखवण्याची सोयही नाही. माझ्या वयाच्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की सावकाश, घसा खाकरून सांगतात. मला तसं जमेल असं वाटत नाही. परवा माझ्या डोळ्यादेखत जे घडलं, त्याने मी पार हादरून गेलो आहे. (डोळा मला एकच आहे, म्हणून ‘डोळ्यांदेखत’ म्हणत नाही.) बोलता बोलता माझा एखादा स्क्रू ढिला वाटला तर सांभाळून घ्या.

पण आधी माझ्या पोटात काय असतं ते सांगायला हवं. ते कळल्याशिवाय माझा धक्का तुम्हाला कळायचा नाही.

माझ्या पोटात अंधार असतो. हा अंधार हीच माझी सगळी श्रीमंती. त्या अंधारात एक पट्टी असते, एका छोट्या पत्र्याच्या डबीत गुंडाळलेली. तिला रोल म्हणतात. तिचं एक टोक डबीच्या फटीतून बाहेर डोकावतं, जशी एखाद्या वात्रट मुलाची जीभ. ही जीभ माझ्या पोटातल्या खाचेत अडकवायची, माझं मागचं दार घट्ट लावायचं आणि अंगठ्याने दांडी ओढत पट्टी पुढे सरकवायची. खटका दाबला की माझी पापणी क्षणभर उघडते, समोरचा उजेड आत येतो आणि पट्टीला लागतो. पट्टी तो लक्षात ठेवते. मी नाही ठेवत. कॅमेऱ्याला आठवण नसते मित्रांनो, आठवण रोलला असते. मी फक्त दार उघडणारा पहारेकरी. पण मागचं दार अवेळी उघडलं आणि उजेड थेट पट्टीवर पडला, तर ती सगळं विसरते.

आणि ती आठवण लगेच दिसत नाही. रोल पुन्हा डबीत गुंडाळून एका अंधाऱ्या खोलीत न्यावा लागतो. तिथे त्याला औषधांच्या पाण्यात बुडवतात, मग चित्र उमटतं. त्या काळी सगळेजण या कामाला ‘रोल धुणं’ म्हणत. ‘रोल धुवायला टाकलाय’, ‘फोटो धुऊन आले का?’ असं घराघरांत बोललं जायचं आणि कुणाचाही गोंधळ होत नसे. पुढे याच शब्दाने घात केला.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. कुणी माझी भिंगं बसवली, कुणी स्प्रिंगा ताणल्या, कुणी अंगावर काळं कातडं चिकटवलं. शेवटी एका पोक्त तपासणाऱ्या बाईंनी मला कानाशी धरून खटका दाबला, ऐकला आणि ‘हा नीट बोलतो’ असं म्हणून मला खोक्यात घातलं. आयुष्यातलं ते माझं पहिलं कौतुक.

मला विकत घेतलं ते दातांच्या एका डॉक्टरांनी. ते दुकानाच्या काचेसमोर यायचे, बघायचे, निघून जायचे. एक दिवस धीर करून आत आलेच. घरी त्यांनी बायकोला सांगितलं, की दाढांचे फोटो काढायला असं काहीतरी लागतंच, ही कामाची वस्तू आहे. दाढेचा फोटो त्यांनी माझ्याकडून एकदाच काढला, तोही बायकोला दाखवण्यापुरता. बाकी सगळे फोटो माणसांचे.

डॉक्टर मला त्यांच्या हत्यारांइतकंच जपत. भिंगावर कधी बोट लागू दिलं नाही. पण एक खोड होती. फोटो काढताना बाकीचे लोक ‘हसा’ म्हणतात. डॉक्टरांच्या तोंडून, जन्माची सवय म्हणून, ‘आ करा’ असंच निघे. आणि समोरची माणसंही, डॉक्टर सांगताहेत म्हणून, मुकाट्याने आ करत. त्यांच्या मेहुण्यांच्या लग्नाचा अख्खा अल्बम असा आहे. नवरा, नवरी, वरमाई, सगळे आ वासून उभे. मेहुणे म्हणाले होते, हा लग्नाचा अल्बम आहे की दाढांचा?

स्वतः डॉक्टर मात्र तोवर माझ्या एकाही फोटोत नव्हते. कॅमेरा कायम त्यांच्याच हातात. शिवाय ते गंभीर गृहस्थ होते. पेशंट घाबरू नये म्हणून तोंड मिटून थोडं हसत, तेवढंच.

त्यांना एक मुलगी होती. तिचे दुधाचे दात एकदमच पडले, तेव्हा बोळक्या तोंडाने ती घरभर फिरायची. डॉक्टरांनी तिचं नाव ठेवलं ‘कवळी’. म्हणजे कोवळीही आणि दातांची कवळीही. आयुष्यात त्यांनी केलेला बहुधा हा एकच विनोद, पण तो इतका चिकटला की शाळेचं नाव कुणाला आठवेनासं झालं.

एका सुट्टीच्या दिवशी दवाखाना बंद होता. डॉक्टर मागच्या खोलीत हत्यारं पुसत बसले होते. कवळी आली आणि म्हणाली, आज फोटो मी काढणार. नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी माझा पट्टा तिच्या गळ्यात घातला. पट्टा लांब, मी लोंबकळत तिच्या पोटापर्यंत गेलो, तेव्हा त्यांनी पट्ट्याला गाठ मारून मला वर आणलं. भिंगाभोवतीचं अंतराचं कडं कसं फिरवायचं ते दाखवलं. म्हणाले, “श्वास धरून ठेव. खटका दाबायचा, ढोसायचा नाही.”

कवळी पेशंटच्या पायाखालच्या स्टुलावर चढली. मला डोळ्याशी लावलं. आणि अगदी बापाच्या स्वरात, कपाळाला आठ्या घालून म्हणाली, “आ करा.”

डॉक्टर हसले. हसले म्हणजे कसे, मित्रांनो! मान मागे टाकून, सगळे दात दाखवून, खांदे हलवत हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं. तेवढ्यात मला एक हिसका बसला, त्यांचा हात एकदम माझ्याकडे झेपावला आणि त्याच क्षणी खटका दाबला गेला. मला वाटलं, मी पडतोय म्हणून ते मला झेलायला धावले. त्या घरात मी इतका लाडका होतो की दुसरं काही मनातही आलं नाही.

“रोल संपू दे,” ते डोळे पुसत म्हणाले, “मग धुवायला टाकू.”

रोल संपला नाही. त्याच आठवड्यात, शेवटचा पेशंट गेल्यावर, डॉक्टर थोडं दमल्यासारखं झालं म्हणून पेशंटच्या खुर्चीत टेकले. त्या खुर्चीतून सगळी दुनिया गाल धरून उठून जात असे. डॉक्टर उठले नाहीत. मी समोरच्या फडताळावर होतो. माणूस असा मध्येच संपतो, हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटत होतं, मध्येच थांबतो तो फक्त रोल.

कवळीच्या आईने मला कातडी पिशवीत घालून दवाखान्यातल्या कपाटाच्या खालच्या खणात ठेवलं. दार बंद झालं. मायलेकी मावशीकडे राहायला गेल्या, आणि दवाखाना कुलुपातच राहिला. माझ्या दाराला लावलेला स्पंज विरघळून डांबरासारखा चिकट झाला. स्प्रिंगा आळसावल्या. रोल मात्र पोटात होता, आणि रोलमध्ये ते हसू. एवढा एकच विचार मी उलटा-सुलटा करत राहिलो.

किती काळ गेला कोण जाणे. एकदा कुलूप निघालं. आवाज ओळखीचा वाटला, पण जाड झालेला. ती कवळीच होती. आता तिची स्वतःची बेकरी आहे, तिला एक मुलगा आहे, आणि दवाखान्याची जागा मालकाला परत द्यायची होती. तिने खुर्ची, टेबल, कपाट, सगळं सामान एका जुन्या सामानाच्या दुकानदाराला एकरकमी देऊन टाकलं. माझा खण तिने उघडलाच नाही. तिला त्या खोलीत फार वेळ उभं राहवत नव्हतं, हे मला तिच्या पावलांवरून कळलं. ती कपाट विकत होती. मी कपाटात होतो.

दुकानदाराने मला इस्त्र्या आणि फोनच्या डबड्यांमध्ये मांडलं. तिथे मी जे ऐकलं त्याने माझ्या अंगावर काटा आला. एक जण म्हणाला, शोभेला बरा दिसेल. दुसरी म्हणाली, याचा मस्त टेबललॅम्प होईल, आतलं सगळं काढून टाकायचं आणि बल्ब बसवायचा.

बल्ब! माझ्या पोटात! ज्याने जन्मभर अंधार राखला, त्याच्या पोटात दिवा लावायची भाषा! मित्रांनो, मी त्या दिवशी दोनदा आपोआप खटकलो असतो, पण स्प्रिंग साथ देईना.

मग आली चष्मेवाली. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासते, म्हणून तिला सगळे चष्मेवाली म्हणतात. तिला स्वतःला मात्र चष्मा नाही. तिने मला उचललं आणि मी सावध झालो, कारण ती मला बघत नव्हती, तपासत होती. भिंग उजेडासमोर धरून आत बुरशीची कोळिष्टकं तर नाहीत ना, ते तिने पाहिलं. कडं फिरवून ते अडकतं का ते पाहिलं. मला हलवून आत काही सुटं वाजतं का ते ऐकलं. तुम्हाला कधी जुना कॅमेरा घ्यायचा झाला तर असाच घ्यावा. वरचं कातडं चकचकीत आहे म्हणून भुलू नये.

शेवटी तिने रोल उलटा गुंडाळायची माझी छोटी चावी दोन बोटांत धरून अगदी हलकेच फिरवली. चावी मोकळी फिरली असती तर मी रिकामा. ती फिरली नाही. तिथे ताण लागला. म्हणजे आत रोल होता.

तेवढ्यात दुकानदार म्हणाला, की कॅमेरा आतून पण चकाचक आहे, उघडूनच दाखवतो. आणि त्याने मला घेऊन अंगठा माझ्या मागच्या दाराच्या खिटीखाली घातलासुद्धा. इतक्या वर्षांचा माझा अंधार आता एका अंगठ्यावर होता.

चष्मेवालीने त्याच्या हातावर आपला हात दाबून धरला.

“थांबा काका. आत रोल आहे.”

“असेल की. इतका जुना, काय राहिलं असेल त्यात?”

“ते तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. म्हणूनच उघडायचा नाही.”

दुकानदाराने अंगठा काढला. वर म्हणाला, एवढं मनावर घेणारी गिऱ्हाइकं आली तर आमचं दुकान देवळासारखं होईल. पण माणूस वाईट नव्हता. कपाट कुणाकडून आलं, तो फोन नंबर त्याने शोधून दिला.

घरी जाऊन चष्मेवालीने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. माझी चावी फिरवून तिने रोल डबीत परत गुंडाळला. मात्र अगदी शेवटी, कान लावून, हात थांबवला आणि रोलची जीभ तेवढी बाहेर राहू दिली, म्हणजे धुणाऱ्याला डबी फोडत बसावं लागत नाही. मग दार उघडलं. डबी बाहेर आली. पोट हलकं झालं, आणि मला भयंकर रिकामं वाटलं.

तिने फोन लावला. पलीकडे कणीक तिंबायच्या यंत्राची घरघर होती. चष्मेवालीने सांगितलं, की तुमच्या कपाटात कॅमेरा होता आणि कॅमेऱ्यात संपत आलेला रोल निघालाय. घरघर बंद झाली. कवळीने यंत्र बंद केलं होतं.

“ताई? आहात ना?”

“आहे. त्यातला शेवटचा फोटो मी काढलाय. बाबा हसलेत त्यात.” मग भराभर तिने सांगितलं, की घरात बाबांचा एकच फोटो आहे, परवान्यावरचा, तो मोठा करून लावलाय. त्यात ते असे बघतात की तिचा मुलगा त्यांना ‘रागीट आजोबा’ म्हणतो आणि त्या भिंतीकडे पाठ करून जेवतो. आई गेल्यापासून तर बाबा खरंच हसले होते की आपणच रचलंय, याचीही खात्री वाटेनाशी झाली होती. “मला हात स्थिर ठेवता आला की नाही, तेही माहीत नाही. पण तू तो धुवायला टाक. लगेच टाक, बाई.”

मित्रांनो, आता त्या घरातल्या दुसऱ्या माणसाची ओळख करून देतो. चष्मेवालीचा नवरा एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखात्यात मुकादम आहे. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले, सगळं त्याच्या हाताखालून जातं. डाग बघून तो सांगतो, हा औषधाचा की चहाचा. बायको त्याला ‘धुलाईसाहेब’ म्हणते. माणूस कामसू, प्रेमळ, पण रोल नावाची चीज त्याने जन्मात पाहिली नव्हती. तो मोठा झाला तोवर सगळे फोटो फोनमध्ये शिरले होते. हा फोन झाला तेव्हा तो कामावर होता, आणि रात्री तो परतला तेव्हा चष्मेवालीचा डोळा लागला होता.

सकाळी तिची धावपळ होती. फोटो धुणाऱ्या बाईंची लॅब इस्पितळाच्या शेजारीच, नवऱ्याला दुपारी जाता जाता रोल देता येईल, असं तिने मनाशी ठरवलेलं. मनाशी ठरवलेलं बोलायचं मात्र राहिलं. चपला घालता घालता ती एवढंच म्हणाली, “अरे, टेबलावर रोल आहे, तो धुवायला टाकायचाय. फार महत्त्वाचा आहे हं, विसरू नकोस.”

“धुणं माझ्यावर सोड,” तो म्हणाला. “तो माझा विषय.”

दार बंद झालं. धुलाईसाहेबांनी बाह्या सरसावल्या.

मी टेबलावर होतो. मला हात नाहीत, तोंड नाही. मी बघत राहिलो. त्याने परातीत पाणी घेतलं, कोपर बुडवून कोमट आहे ना ते पाहिलं. लोकरीच्या कपड्यांचा सौम्य साबण घातला. महत्त्वाचा माल, नाजूक असणार, हे त्याचं त्यानेच ओळखलं होतं. मग त्याने डबी पाण्यात बुडवली, जीभ चिमटीत धरली आणि खेचली.

खिडकीतून लख्ख ऊन येत होतं.

वीतभर पट्टी आली. हातभर आली. ती बाहेर येत होती आणि उजेडात एकेक आठवण पुसली जात होती. पुढे ती आत कुठेतरी अडली, तेव्हा ‘ताणायला नको, फाटेल’ असं म्हणून तो थांबला. जेवढी आली होती तेवढी त्याने बोटांनी हळुवार चोळली. रोलच्या अंगावर एक रंगाचा लेप असतो, तो सुटला आणि पाणी जांभळं झालं. धुलाईसाहेब खूश झाले. “बाप रे, केवढा मळ!” असं म्हणत त्यांनी पाणी बदललं. मित्रांनो, मी ओरडू शकत असतो तर त्या दिवशी घराच्या खिडक्या फुटल्या असत्या.

मग त्याने पट्टी गॅलरीतल्या दोरीवर, उन्हात, चिमटा लावून वाळत घातली. डबी खाली लोंबत होती. तिच्यातून थेंब गळत होते.

दुकानाची किल्ली विसरली म्हणून चष्मेवाली अर्ध्या वाटेतून परत आली. किल्ली घेतली, वळली, आणि तिला दोरी दिसली.

ती ओरडली नाही. तिच्या हातातली किल्लीही पडली नाही. ती फक्त भिंतीला टेकली आणि घसरत घसरत खाली बसली. नवऱ्याला वाटलं तिला चक्कर आली. पाणी आणून देत तो म्हणाला, “धुतलाय बरं का. अजून थोडा मळ आहे, पुन्हा एकदा काढू का?”

“अरे,” ती म्हणाली, “रोल धुणं म्हणजे हे नव्हे.”

आणि तिने त्याला सगळं सांगितलं. शांतपणे, लहान मुलाला सांगावं तसं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा त्याच्याच इस्पितळातल्या चादरीसारखा पांढरा होत गेला. तो दोरीकडे धावला, डबी पदरात घ्यावी तशी शर्टाच्या सोग्यात घेतली आणि फुंकर घालून सुकवायला लागला. चष्मेवालीने त्याला थांबवलं. सुकला तर आतले वेढे एकमेकांना चिकटतील आणि मग कायमचेच जातील. ओला आहे तोवरच काही आशा. तिने घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात पाणी भरलं, डबी त्यात सोडली, झाकण लावलं, वरून काळा कोट गुंडाळला. मला का कोण जाणे गळ्यात अडकवलं. दोघं धावत निघाली.

लॅबवाल्या बाई मोजकं बोलणाऱ्या होत्या. सगळं ऐकून त्यांनी आधी धुलाईसाहेबांकडे, मग डब्याकडे पाहिलं. म्हणाल्या, बाहेर ओढलेला भाग गेला, त्याचं नाव काढू नका. आत किती निभावलंय ते बघावं लागेल. मग विचारलं, “तुम्हाला हवाय तो फोटो पहिला की शेवटचा?”

“शेवटचा.”

बाईंचा चेहरा थोडा बदलला. “मग तो सगळ्यांत आत आहे. जीभ म्हणजे रोलची सुरुवात. शेवट डबीच्या पोटात, खोल. तरीपण आशा लावून बसू नका.” आणि त्या डबा घेऊन अंधाऱ्या खोलीत गेल्या.

कवळीला फोन करायचा होता. चष्मेवालीने फोन काढला, पण नवऱ्याने तो तिच्या हातातून घेतला. मी केलंय, मीच सांगतो, म्हणाला. पण समोरासमोर सांगायचं म्हणून फोनवर त्याने फक्त लॅबचा पत्ता सांगून कवळीला बोलावून घेतलं. ती आली तेव्हा तिच्या कोपराला पीठ लागलेलं होतं. ती स्टुलावर चढली होती त्या दिवसानंतर मी तिला प्रथमच जवळून बघत होतो. तिच्या कपाळाला अजून तशाच आठ्या पडतात.

धुलाईसाहेब तिच्यासमोर उभा राहिला. मान खाली घालून त्याने सगळं सांगितलं, साबण कोणता होता तेही. शेवटी म्हणाला, “ताई, धुवायला टाक म्हटल्यावर मला दुसरा अर्थच माहीत नव्हता.”

कवळी त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही याला फाडून खाणार. पण तिचा आवाज अगदी बारीक आला.

“तुम्ही निदान महत्त्वाचा समजून धुतलात. मी तर तो न बघता विकून टाकला होता.”

 तिघंही बाकावर बसून राहिली. लाल दिवा दारावर जळत होता. आतून पाण्याचा आवाज येई, थांबे, पुन्हा येई.

लॅबवाल्या बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात ओली पट्टी होती. जवळजवळ सगळी कोळशासारखी काळी. मित्रांनो, रोलवर सगळं उलटं असतं. जिथे उजेड जास्त लागला तिथे तो काळाठिक्कर पडतो. त्या काळ्या पट्टीत काय काय गेलं कोण जाणे. कुणाकुणाचे आ केलेले चेहरे गेले असतील. पुढे पुढे काळं फिकं होत गेलं, डाग आले, ओरखडे आले, आणि शेवटच्या चौकटीत एक माणूस होता.

कवळीने पट्टी उजेडासमोर धरली. तिचे डोळे विस्फारले.

“बाबांचे दात काळे दिसताहेत.”

“कागदावर पांढरे होतील,” लॅबवाल्या बाई म्हणाल्या. आणि मग कवळी हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि धुलाईसाहेब तिच्याही आधी रडायला लागला होता. ज्याने आयुष्यभर दुनियेचे दात घासले त्या माणसाचे दात काळे! चष्मेवालीने दोघांनाही एकच रुमाल दिला.

बाईंनी तो फोटो कागदावर उतरवला. चारी कडांना पाण्याचे ठिपके पडले आहेत, एका कोपऱ्यात धुकं आहे. पण मधे डॉक्टर आहेत, मान मागे टाकून, सगळे दात दाखवत हसणारे. आणि पुढे एक मोठा, पुसट, झेपावलेला हात.

मी तो हात ओळखला. हाच तो. मला झेलायला आलेला. मी अभिमानाने फुगणार, तेवढ्यात कवळी हळूच म्हणाली, “मी स्टुलावरून घसरत होते.”

मी पुन्हा पाहिलं. डॉक्टरांची नजर माझ्या भिंगात नाही. ती माझ्या थोडी वर आहे, जिथे तिचा चेहरा होता. हात माझ्या दिशेने नव्हे, माझ्या बाजूने पुढे गेलेला आहे, तिच्या खांद्याकडे. माझ्या जागी त्यांना दुसरे कॅमेरे मिळाले असते. त्या हाताने त्या क्षणी मी आहे की नाही हे पाहिलंसुद्धा नव्हतं.

इतकी वर्षं मी अंधारात बसून एक चुकीची गोष्ट जपत होतो, मित्रांनो. सगळ्यांत मोठा धक्का हा. पण खरं सांगू? मला राग आला नाही. हसता हसता ज्याचा हात लेकीकडे धावला, त्या माणसाला मी नीट टिपलं, एवढं माझ्यासाठी पुष्कळ झालं.

चष्मेवालीने मला गळ्यातून काढून कवळीपुढे धरलं. कवळीने मला हातात घेतलं, पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि परत दिलं. म्हणाली, तू याचा रोल धुवायला टाकण्याआधी मला विचारलंस, हा तुझ्याकडेच राहू दे. फक्त एकदा बेकरीत ये आणि माझ्या लेकाचा फोटो काढ. आता तो भिंतीकडे तोंड करून जेवेल. धुलाईसाहेबांनी लगेच विचारलं, तो रोल झाल्यावर नेमकं कुठे द्यायचा, काय म्हणून द्यायचा, आणि दोनदा घोकून घेतलं.

मुलांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू कुठल्यातरी खणात पडलेली असेल. तिला नुसतं पुसून कपाटावर मांडलं म्हणजे ती जपली असं होत नाही. तिचे शब्द शिकून घ्या. ती कशी धरायची, कशी उघडायची, तिच्या बाबतीत ‘धुणं’ म्हणजे काय, हे घरातल्या थोरांना विचारा, आणि विचारायला माणसं आहेत तोवरच विचारा. मोठ्यांनाही माझं एक सांगणं आहे. तुम्हाला जे सोपं वाटतं ते धाकट्यांना नीट फोड करून सांगा, चपला घालता घालता नको. आणि एखादी वस्तू विकायची, फेकायची, उघडायची वेळ आलीच, तर आधी तिच्यापाशी घटकाभर थांबा. आत कुणीतरी अजून हसत असेल.